माऊस हलत नाही? लिनक्स पुन्हा टाकायच्या आधी हे करून पाहा

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. रात्रीचे अकरा वाजले असतील, कूलरमध्ये पाणी टाकून नुकताच आडवा झालो होतो आणि भाच्याचा फोन. "मामा, माऊसचा ड्रायव्हर उडाला, मी लिनक्स पुन्हा टाकून राहिलो." म्हटलं थांब बे, कशालाच हात नको लावू, सकाळी येतो. सकाळी प्रतापनगरला त्याच्या घरी गेलो, ताईने तर्री पोहे समोर ठेवले आणि खाता खाताच लक्ष गेलं. लॅपटॉपच्या उजव्या बाजूला दोन पोर्ट, एकात वायरलेस माऊसचा बोटाच्या पेराएवढा डोंगल, त्याला खेटून दुसऱ्यात बाहेरची हार्ड डिस्क, आणि डिस्कवर रात्रभर सिनेमांची कॉपी चालू. डिस्क काढली, कर्सर लगेच पळायला लागला. ड्रायव्हर बिचारा जागेवरच होता.

असं काहून होते ते पुढे सांगतो. पण आधी हे समजून घ्या की विंडोजवरून नवीन आलेल्या माणसाच्या डोक्यात एक सवय पक्की बसलेली असते, काही बिघडलं की ड्रायव्हर शोधा, डाउनलोड करा, टाका. लिनक्सवर साध्या माऊससाठी असं काही बाहेरून आणायचं नसतेच. यूएसबी माऊस लावला की तो स्वतःच सांगतो "मी माऊस आहे", आणि माऊस-कीबोर्ड सगळ्यांसाठी एकच ठरलेली पद्धत असल्यामुळे कर्नलमधला (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) यूएसबीएचआयडी नावाचा ड्रायव्हर त्याला ताब्यात घेतो, कंपनी कोणतीही असो. म्हणून "कोणता ड्रायव्हर टाकू" हा प्रश्नच आधी डोक्यातून काढा. खरा प्रश्न आहे, माऊसचा निरोप कुठपर्यंत पोचला.

नळाला पाणी नाही आलं तर आपण काही थेट पेंच धरणावर जाऊन उभे राहत नाही ना. आधी आपल्या टाकीचा व्हॉल्व्ह पाहतो, मग शेजाऱ्याला विचारतो, मग लाइनीत कुठं खोदकाम चालू आहे का ते पाहतो. इथंही तसंच आहे, माऊसमधून पोर्टमध्ये, पोर्टमधून कर्नलमध्ये, कर्नलमधून लिबइनपुट नावाच्या मधल्या माणसाकडे (त्याचं पुढे सांगतो) आणि तिथून डेस्कटॉपवर. एक-एक ठिकाणी थांबून पाहायचं, आणि जिथं पाणी अडलं तिथंच पाना लावायचा. गडबड फक्त इथंच होते की लोक चारही ठिकाणी एकदमच पाना लावतात आणि मग कशाने काय झालं ते कोणालाच कळत नाही.

एक सांगून ठेवतो, कमांड मी इथे देवनागरीतच लिहिल्या, टाइप मात्र इंग्रजीच्या छोट्या अक्षरांत करायच्या. जिथे स्पेलिंगचा घोटाळा होऊ शकतो तिथे अक्षरं सुटी करून दिली आहेत. सुडो म्हणजे एस यू डी ओ, कमांड मशीनच्या मालकाच्या अधिकाराने चालवायला ते लावायचं, लावलं की पासवर्ड मागते, आणि पासवर्ड टाइप करताना बरेचदा स्क्रीनवर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाही. कीबोर्ड पण गेला असं समजून घाबरू नका, टाइप करा आणि एंटर मारा.

माऊस नाही तर टर्मिनल उघडायचं कसं

हा प्रश्न सगळ्यात आधी येते. टर्मिनल म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी. उबुंटू आणि मिंट या लिनक्सच्या दोन्ही प्रकारांवर कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकत्र दाबलं की टर्मिनल उघडते. ते नाही झालं तर विंडोजचं चिन्ह असलेली की दाबा, टर्मिनल असं टाइप करा, एंटर. सेटिंगमध्ये फिरायला टॅब, बाणाच्या की आणि एंटर एवढं पुरते. आणि ज्यांच्या कीबोर्डला उजवीकडे आकड्यांचा पट्टा आहे त्यांनी ॲक्सेसिबिलिटीत जाऊन माऊस कीज चालू करून घ्या, मग ४ आणि ६ ने कर्सर आडवा, ८ आणि २ ने उभा आणि ५ ने क्लिक. हळू चालते, पण काम भागते.

स्क्रीनच गोठली असेल तर कंट्रोल, ऑल्ट, एफ३ दाबून पाहा. काळी स्क्रीन येऊन लॉगिन मागितलं तर मशीन जिवंत आहे, फक्त वरचं डेस्कटॉप अडकलं आहे, म्हणजे प्रकरण माऊसचं नाहीच. परत यायला कंट्रोल, ऑल्ट आणि एफ१ किंवा एफ२, ज्यावर डेस्कटॉप सापडेल ते.

आधी हाताने, मग कमांडने

हसू नका, पण माऊसच्या पोटाखालचं बटन बंद असणं, सेल उतरलेला असणं आणि लॅपटॉपच्या एफएन कीसोबतच्या बटनाने टचपॅड चुकून बंद झालेला असणं, या तीन गोष्टींतच माझ्याकडे आलेल्या कितीतरी तक्रारी संपल्या. त्यातलं टचपॅडचं बटन फार छुपं असते, एखाद्या एफ कीवर बारीक चौकोनाचं चित्र असते आणि स्क्रीन पुसता-पुसता ते दाबल्या जाते.

मग पोर्ट बदला. मग तोच माऊस दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, आणि दुसऱ्याचा माऊस आपल्याला. या अदलाबदलीला दोन मिनिटं लागतात आणि अर्धा तपास इथंच होऊन जाते, कारण माऊस दुसरीकडेही मेलेलाच असेल तर लिनक्सला शिव्या द्यायचं कारणच उरलं नाही. आणि माऊस कशावर फिरवून राहिलो ते पण पाहा. ऑप्टिकल माऊस खालच्या पृष्ठभागाचे भराभर फोटो काढून हालचाल ओळखतो, त्यामुळे काचेच्या टेबलवर किंवा चकचकीत ग्रॅनाइटच्या ओट्यावर त्याला काही दिसतच नाही आणि कर्सर उड्या मारतो. एक जुनी वही खाली ठेवा. आपल्याकडे उन्हाळ्यात धूळही बेसुमार, त्या खालच्या भोकात एखादा केस किंवा कापसाचा धागा अडकला तरी कर्सर एकटाच थरथरत बसतो.

कर्नलला माऊस दिसला का

इथून खरी मजा. टर्मिनलमध्ये सुडो, स्पेस, डी एम ई एस जी, स्पेस, डॅश डब्ल्यू. हे कर्नलचं बोलणं आहे, आणि डॅश डब्ल्यूमुळे ते चालूच राहते, जे घडेल ते खाली उमटत जाते. आता माऊस काढा, पाच सेकंद थांबा, परत लावा. सगळं ठीक असेल तर आधी यूएसबी डिस्कनेक्ट अशी ओळ, मग न्यू लो-स्पीड यूएसबी डिव्हाइस अशी, मग माऊसचं नाव आणि शेवटी इनपुट म्हणून त्याची नोंद. बंद करायला कंट्रोल आणि सी.

काहीच उमटलं नाही? एक ओळसुद्धा नाही? मग केबल, पोर्ट किंवा माऊस, या तिघांपैकीच कोणीतरी मेला, ड्रायव्हरपर्यंत गोष्ट गेलीच नाही.

डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड असं काहीतरी आणि पुढे एरर वजा ७१ किंवा वजा ११० आलं तर समजा की कर्नलला कोणीतरी दार वाजवल्याचं कळलं, पण बोलणं नीट ऐकू आलं नाही. ७१ म्हणजे बोलण्यात गडबड, ११० म्हणजे वाट पाहून थकला. दोन्हीचा रोख बहुतेक वेळा केबल, सैल पोर्ट नाहीतर कमी पडणाऱ्या करंटकडे असतो.

आणि तिसरा प्रकार, जो हबवाल्यांकडे, म्हणजे एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारा डबा लावणाऱ्यांकडे, नेहमी दिसतो. डिस्कनेक्ट, न्यू डिव्हाइस, डिस्कनेक्ट, न्यू डिव्हाइस, दर वेळी नंबर एकाने वाढत जाते, ७, ८, ९, आणि तुम्ही तर माऊसला हातही नाही लावला. यूएसबी २ च्या पोर्टमधून ठरावाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर मिळतात. स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या हबवर तेवढ्यातच हार्ड डिस्क, पंखेवाला कूलिंग पॅड, फोनचं चार्जिंग आणि वरून माऊस. माऊस खातो किती, अगदी थोडं, पण पंगतीत शेवटी बसलेल्याच्या पानात काही उरत नाही तसं त्याचं होते. माऊस थेट लॅपटॉपला लावा आणि ओळी थांबतात का पाहा.

ड्रायव्हर खरंच लागला का

एल एस यू एस बी, स्पेस, डॅश टी. सगळ्या यूएसबी वस्तूंचं झाड दिसते. त्यात ह्युमन इंटरफेस डिव्हाइस लिहिलेली ओळ शोधा, तिथेच पुढे ड्रायव्हर बरोबर यूएसबीएचआयडी आणि शेवटी १.५एम किंवा १२एम असा वेग असेल. हे असेल तर अभिनंदन, तुमचा ड्रायव्हर कुठंच उडाला नाही, पुढच्या पायरीवर जा.

ड्रायव्हरच्या जागी काहीच नसेल किंवा नन लिहिलं असेल, तेव्हाच ही खरी ड्रायव्हरची केस, आणि मी इतक्या वर्षांत साध्या माऊसबाबत ती फार कमी पाहिली. सुडो मॉडप्रोब यूएसबीएचआयडी अशी कमांड देऊन पाहा (मॉडप्रोब म्हणजे एम ओ डी पी आर ओ बी ई, कर्नलला ड्रायव्हर लावायची कमांड, आणि यूएसबीएचआयडी सलग, मध्ये स्पेस नाही). मॉड्यूल नॉट फाउंड आलं तर बहुधा कर्नल अपडेट अर्धवट झालेलं आहे, किंवा अपडेट होऊन गेलं पण मशीन रीस्टार्टच केलेली नाही. आधी रीस्टार्ट करा. तरी तेच तर पुन्हा रीस्टार्ट करून ग्रबच्या, म्हणजे मशीन चालू होताना येणाऱ्या मेनूत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जा, तिथे जुना कर्नल ठेवलेला असतो, तो निवडा. मेनू दिसत नसेल तर मशीन चालू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून पाहा. जुन्या कर्नलवर माऊस चालला तर दोष नव्या कर्नलमध्ये, पुढचं अपडेट येईपर्यंत जुन्यावरच राहा, काही बिघडत नाही.

लिबइनपुटला विचारा

कर्नल म्हणतो माऊस आहे, ड्रायव्हर लागला, आणि तरी कर्सर हलत नाही. आता मधला माणूस पकडायचा. लिबइनपुट म्हणजे माऊस, टचपॅड, कीबोर्ड सगळ्यांचं ऐकून ते डेस्कटॉपला समजेल असं सांगणारी लायब्ररी, आजकाल जवळपास प्रत्येक डेस्कटॉप तिच्यावरच चालतो. तिची तपासायची हत्यारं वेगळी टाकावी लागतात, उबुंटू-मिंटवर सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिबइनपुट-टूल्स, फेडोरावर पॅकेजचं नाव लिबइनपुट-युटिल्स.

मग सुडो, स्पेस, लिबइनपुट, स्पेस, डीबग-इव्हेंट्स. आणि माऊस हलवा. पॉइंटर मोशनच्या ओळी धो-धो वाहायला लागल्या पाहिजेत, क्लिक केलं की पॉइंटर बटन, लेफ्ट, प्रेस्ड आणि सोडलं की रिलीज्ड. ही एक कमांड मला फार आवडते, कारण इथं काही लपत नाही. ओळी वाहतात पण कर्सर जागचा हलत नाही म्हणजे पाणी टाकीपर्यंत आलं, नळ बंद आहे, डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये शोधा. ओळीच नाहीत म्हणजे मागच्या पायऱ्यांवर काहीतरी सुटलं.

नळ कुठला आहे, वेलँड की एक्स

वेलँड आणि एक्स म्हणजे स्क्रीनवर खिडक्या आणि कर्सर दाखवायच्या दोन पद्धती, एक्स जुनी, वेलँड नवी. इथंच नवीन माणूस सगळ्यात जास्त वेळ घालवतो. इंटरनेटवर जुने उपाय सापडतात, एक्सइनपुट वापरा, एक्सऑर्ग डॉट कॉन्फमध्ये अमुक लिहा, आणि माणूस तीन तास लिहीत बसतो आणि काही म्हणजे काही फरक पडत नाही. कारण तो वेलँडवर बसला आहे आणि वेलँड त्या फाइली वाचतच नाही. उबुंटूवर सेटिंगमध्ये अबाउटच्या आत विंडोइंग सिस्टम लिहिलेलं असते ते पाहून घ्या. उबुंटू २२.०४ पासून बहुतेकांना वेलँडच मिळते, मिंटचा सिनेमन नावाचा डेस्कटॉप अजून एक्सवर चालतो. एक्सइनपुट लिस्ट कमांड दिल्यावर एक्सवेलँड-पॉइंटर असं नाव आलं तर ओळखा, आपण चुकीच्या दारात उभे आहोत.

वेलँडवर माऊसचा वेग, उलटं स्क्रोल, टॅप करून क्लिक, जे करायचं ते डेस्कटॉपच्या सेटिंगमधूनच. कर्सर हळू हलवला तर रांगतो आणि जोरात हलवला तर पलीकडे उडतो अशी तक्रार असेल तर ॲक्सलरेशन बंद करा, म्हणजे प्रोफाइल ॲडॅप्टिव्हचं फ्लॅट करा. गेम खेळणाऱ्या पोरांना तेच पाहिजे असते.

एक्सवर असाल आणि टचपॅड विचित्र वागत असेल, किंवा सेटिंगमधून टचपॅडचे पर्यायच गायब असतील, तर एक जुना पाहुणा घरात आहे का बघा, सिनॅप्टिक्स ड्रायव्हर. पूर्वी टचपॅडसाठी हाच होता, आता त्यात नवीन काम होत नाही. कोणत्यातरी जुन्या उपायात "हे टाका" वाचून लोक तो टाकतात, आणि त्याच्या फाइलचं नाव ७० ने सुरू होते, लिबइनपुटच्या फाइलचं ४० ने. एक्स या फाइली नंबरवारीने वाचतो आणि नंतर वाचलेल्याचं ऐकतो, म्हणून लिबइनपुट बाजूला पडतो. उपाय, एक्ससर्व्हर-एक्सऑर्ग-इनपुट-सिनॅप्टिक्स हे पॅकेज ॲप्ट रिमूव्हने काढा आणि लॉगआउट करून परत या. पण ॲप्ट विचारते ना की अमुक-अमुक काढू का, ती यादी वाचा, त्यात लिबइनपुटचं नाव असेल तर एन दाबून बाहेर पडा. वाय दाबायची घाई आपल्या लोकांना फार.

झोपून उठल्यावर टचपॅड गायब

लॅपटॉपचं झाकण बंद केलं, उघडलं, टचपॅड मेला, रीस्टार्ट केला की जिवंत. हा मात्र खरोखर ड्रायव्हरचा आजार आहे, ड्रायव्हर जागा होतो पण टचपॅडशी त्याची ओळख विसरतो. रीस्टार्ट न करता ड्रायव्हर काढून परत लावता येतो. जुन्या लॅपटॉपवर सुडो मॉडप्रोब डॅश आर पीएसमाऊस, मग सुडो मॉडप्रोब पीएसमाऊस. नव्या लॅपटॉपवर टचपॅड आय२सी नावाच्या वेगळ्या रस्त्याने जोडलेला असतो, तिथे पीएसमाऊसच्या जागी आय२सी अंडरस्कोर एचआयडी अंडरस्कोर एसीपीआय. कोणता आहे ते कळत नसेल तर पहिला करून पाहा, मग दुसरा, नुकसान काही नाही. चाललं तर त्याच दोन कमांडची छोटी स्क्रिप्ट सिस्टमडीच्या (लिनक्सच्या सेवा चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रामच्या) सिस्टम-स्लीप फोल्डरमध्ये ठेवता येते, मशीन झोपताना आणि उठताना ती आपोआप चालते, पण हे आठवडाभर हाताने करून खात्री पटल्यावरच.

यूएसबी माऊस दोन-चार सेकंद हात काढला की झोपतो आणि पहिला झटका वाया जातो, असं होत असेल तर आठवा, बॅटरी वाचवायला पॉवरटॉपचं ऑटो-ट्यून चालवलं होतं का. ते सगळ्या यूएसबी वस्तूंना झोपवायची परवानगी देते, माऊसलाही. पॉवरटॉपच्या ट्यूनेबल्सच्या पानावर माऊसच्या ओळीवर एंटर मारून ते परत बॅड करा. हो, बॅडच, इथं बॅड म्हणजे आपल्यासाठी गुड.

भाच्याच्या डोंगलचं काय झालं होतं

वायरलेस माऊसचा डोंगल २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो. यूएसबी ३ चं पोर्ट आणि केबल वेगाने डेटा नेताना त्याच पट्ट्यात कचरा आवाज सोडतात, इंटेलने २०१२ मध्येच यावर कागद काढला होता. म्हणून डिस्कवर कॉपी चालू असली की कर्सर अडखळतो, कॉपी संपली की ठीक, आणि माणसाला वाटते लिनक्स हँग होऊन राहिलं. विंडोजवरही हेच होते, फक्त तिथं कोणी ड्रायव्हरला दोष देत नाही. डोंगल दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये लावा, नाहीतर नागपूरला सीताबर्डीत मोदी नंबर तीनच्या बाजारात यूएसबी एक्स्टेन्शन केबल मिळते ती घेऊन डोंगल माऊसच्या जवळ आणून ठेवा. भाच्याचा आता टेबलाच्या कडेला सेलोटेपने चिकटवलेला आहे, दिसायला बेकार, चालते मस्त.

एक क्लिक केलं तर दोनदा उघडते, ही तक्रार पण नेहमीची. ई व्ही टेस्ट नावाचं छोटं पॅकेज टाका, सुडो लावून चालवा, यादीतून माऊसचा नंबर द्या आणि डावं बटन एकदाच, सावकाश दाबून सोडा. १ आणि मग ० असं एकदाच यायला पाहिजे. १, ०, १, ० आलं तर आतली बटनाखालची बारीक स्विच झिजली आहे, तिचा पत्रा थरथरतो. लिबइनपुट थोडीफार थरथर गाळून टाकते, पण स्विच फारच गेली की तीही थकते. त्यावर सॉफ्टवेअरचा उपाय शोधत बसू नका, बदलणारा कारागीर सापडला तर ठीक, नाहीतर सेटिंगमध्ये डावं-उजवं बटन बदलून घ्या आणि झिजलेलं बटन राइट क्लिकच्या कामाला लावा. माझा एक माऊस असाच दोन वर्षं चालला.

एवढं सगळं करून नाही जमलं तर कोणाला विचारायला जाताना या गोष्टी सोबत न्या, कर्नलचा नंबर (यू नेम, स्पेस, डॅश आर, यू नेम सलग), लिनक्स कोणतं आणि वेलँड की एक्स, यूएसबीच्या झाडातली माऊसची ओळ, आणि माऊस काढून-लावताना डीएमईएसजीत आलेल्या दहा-पंधरा ओळी. फोटो काढायचाच असेल तर स्क्रीनशॉट काढा, फोनने तिरपा काढलेला, त्यात ट्यूबलाइट चमकून राहिलेली, असा फोटो कोणालाच वाचता येत नाही राजेहो.